आक्का आणि विमानाचं शेपूट

आक्का माणसांना मराठीत रागवायच्या आणि जनावरांना व यंत्रांना कानडीत. वखारीतल्या तराजूचा काटा अडकला की कानडी, विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की कानडी. "मानसाला शानपन मराठीत सांगावं, त्येला पटत न्हाई तरी कळतंय. यंत्राला कानडीच लागत्या," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळं त्या विमानाशीही कानडीतच बोलायच्या, यात आम्हाला कुणालाच नवल वाटत नसे. नवल होतं ते निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या विधवेकडं विमान होतं याचं.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला निपाणीला आले होते. माहेर बेळगावचं, टिळकवाडीतलं. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. आक्कांनी दिली. दारात उभ्या राहून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "विंग्रजी बोलतासा?"

"हो. तेच शिकवते."

"आन् वारं सुटलं तर भ्यायला हुतंय काय?"

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. मी नाही म्हणाले. "मग ऱ्हावा," असं म्हणून त्यांनी माझी ट्रंक स्वतः उचलून माडीवर नेली.

त्यांचं वय चाळिशीच्या आसपास असेल. उंच, हाडापेरानं मजबूत, लुगड्याचा कासोटा घट्ट. आमच्या भागातल्या बायका बोलतात तशा 'मी जातो, मी येतो' असं बोलायच्या, पण आक्कांच्या तोंडी ते अगदी शोभून दिसायचं. जैन घराणं. दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय तोंडात काही घालायच्या नाहीत. विमान उडवायला लागल्यावरही हा नियम तसाच राहिला. वर असताना सूर्य कलायला लागला की म्हणायच्या, "चला खाली, ज्येवायचं हाय."

उडायच्या आधी त्या मळ्यातली धावपट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायच्या. मुंग्यांची रांग, सरडा, टिटवीची अंडी, काय असेल ते बघायच्या. चाकाखाली जीव जाता कामा नये. एकदा टिटवीनं पट्टीच्या मधोमध अंडी घातली, तर पिल्लं उडून जाईपर्यंत विमान त्याच्या छपराखालून बाहेर काढलं नाही. गाव हसलं. पण या चालण्यामुळं त्या पट्टीवरचा प्रत्येक उंचवटा आणि खळगा त्यांच्या तळपायांना ठाऊक झाला होता.

विमान मुळात त्यांच्या नवऱ्यानं मागवलं होतं. हौशी माणूस. मोटार झाली, ग्रामोफोन झाला, मग विमान. ते विलायतेहून निघालं आणि इकडं विषमज्वरानं तो गेला. सुतक फिटतंय तोवर बेळगावच्या स्टेशनात भल्यामोठ्या पेट्या येऊन पडल्या. धाकटे दीर म्हणाले, परत पाठवू. आक्का म्हणाल्या, "त्येंनी मागवलंय. उडतंय का न्हाई ते तरी बघूया." बैलगाड्यांवर लादून, संकेश्वरला मुक्काम करत त्या पेट्या निपाणीला आल्या. विमान जुळवायला मुंबईहून एक शिक्षक आले. ते पूर्वी लष्करात होते, त्यामुळं सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. त्यांनी ते दुमजली पंखांचं, कापडी अंगाचं, दोन उघड्या बैठकांचं यंत्र उभं केलं आणि विचारलं, चालवणार कोण? आक्का म्हणाल्या, मी. मग त्या मुंबईला मावसबहिणीकडं राहून शिकून आल्या. परवाना घेऊन आल्या.

मी ही हकिकत ऐकली ती त्यांच्याच तोंडून, आणि त्यांना ती काही विशेष वाटत नसे. "चढायला काय लागतंय? नाक वर क्येलं की चढतंय. उतरायलाच अक्कल लागत्या," असं त्या म्हणायच्या.

आणि नेमकं तिथंच घोडं अडलं होतं.

त्यांच्या हातून विमान पहिल्यांदा मोडलं ते मी येण्याआधी. दुसऱ्यांदा मोडलं ते मी पाहिलं. आक्कांनी विमान सुरेख खाली आणलं, दोन्ही चाकं हळूच टेकली, आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि मग, सगळं संपलं असं वाटत असतानाच, विमानाचं नाक उजवीकडं वळायला लागलं. आधी थोडं, मग जास्त, मग एखाद्या भोवऱ्यासारखं. शेपूट गर्रकन पुढं आलं, डावा पंख मातीत रुतला, चाकाचा दांडा मोडला आणि तंबाखूच्या काटक्यांच्या ढिगात तोंड खुपसून विमान थांबलं. धुरळा खाली बसला तेव्हा आक्का बैठकीत ताठ बसलेल्या होत्या. कपाळावर एक टेंगूळ होतं.

"उतरलो न्हवं?" त्यांनी विचारलं.

"उतरलात," मी म्हणाले.

"मग ह्ये फिरलं कशानं?"

त्या दिवशी मुंबईहून आलेल्या कॅप्टननी इंग्रजीत समजावून सांगितलं, मी मराठीत आणलं. या जातीच्या विमानाचं सगळं वजन चाकांच्या मागं असतं. हवेत ते शहाण्यासारखं वागतं. जमिनीवर आलं की मागचं वजन पुढं यायला बघतं. नाक जरा वाकडं झालं की शेपूट संधी साधतं. सुकाणू पायांत असतं, दोन पायांखाली दोन पट्ट्या. नाक हलल्या हलल्या पायानं आवरलं तर आवरतं. एका श्वासाचा उशीर झाला की मग देवालाही आवरत नाही.

"तुमचे पाय डोळ्यांची वाट बघतात," कॅप्टन म्हणाले. "आणि डोळे नाकाकडं बघतात. पट्टीच्या पार टोकाकडं बघा. आणि चाकं टेकली म्हणजे उतरणं संपलं असं समजू नका. तिथं सुरू होतं."

 आक्कांनी विमानाच्या शेपटाजवळ जाऊन त्याला कानडीत दोन वाक्यं सुनावली. ती मी इथं लिहीत नाही.

त्या मोडतोडीनंतर दिरांचा धीर सुटला. ते वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. भावावर त्यांचा जीव होता. पण घराचं हसं होतंय हे त्यांना सोसवत नव्हतं. शिवाय वखारीचा कारभार आक्कांच्या हाती होता, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा होता, हेही होतंच.

"वैनी, लोकं हसाय लागल्यात," ते ओट्यावर येऊन म्हणाले. "दादाला जाऊन किती दिस झालं? आन् तुमी ह्ये लाकडाचं पाखरू घिऊन बसलाय. ब्यापार कोन बघनार?"

"भावजी, यंदाचा तंबाखू कुनी इकला? पाखरानं?"

"तसं न्हवं..."

"बाजारात आपल्या मालाला वरचा भाव लागला का न्हाई?"

"लागला."

"मग?"

 मग दिरांनी समाजातल्या चार वडीलधाऱ्यांना बोलावलं. बाईचं डोकं ठिकाणावर नाही, पुन्हा अपघात झाला तर जिवाला मुकेल, वखार आपल्याकडं द्यावी, असं त्यांचं मागणं होतं. वडीलधारी मंडळी बैठकीवर बसली. आक्का खांबाला टेकून उभ्या. मी आतल्या दाराशी. सगळं ऐकून घेतल्यावर आक्कांनी कंबरेचा जुडगा सोडला आणि मंडळींच्या पुढ्यात ठेवला.

"ह्या किल्ल्या तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. इमान दुरुस्त झालं की तुमच्या म्होरं उडवतो आन् उतरवतो. फिरलं, मोडलं, तर किल्ल्या भावजींच्या. सरळ उतरलं तर ह्यो इषय जलमात परत काढायचा न्हाई."

त्यांच्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आन् त्यात दुसरं शानं मानूस बसंल काय? कुनी बसाय तयार नसंल तर तुझं तुलाच कळायला पायजे बाई."

 मी कधी बोलले ते माझं मलाच कळलं नाही. "मी बसते," मी म्हणाले.

आक्कांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी येणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. फक्त म्हणाल्या, "बाई, आधी शाळंत इचारा."

दुरुस्ती चालू होती तोवरचे दिवस मी विसरणार नाही. आक्कांनी पहिल्यांदा पायातले बूट काढले. मुंबईत त्यांना जाड तळाचे साहेबी बूट घालायला लावलं होतं. "ह्येच्यात पाय भैरं हुत्यात," असं म्हणून त्यांनी ते माळ्यावर टाकले आणि अनवाणी पायांनी सुकाणूच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. बराच वेळ डोळे मिटून नुसत्या दाबत राहिल्या.

मग एके दिवशी वखारीच्या आवारात गंगव्वा हातगाडी ओढत निघाली होती. गंगव्वा म्हणजे तंबाखू निवडणाऱ्या बायकांची म्होरकी. आवाज असा की नाल्यापलीकडं ऐकू जाईल. आक्कांनी तिला थांबवलं. गाडी ओढून दाखव म्हणाल्या. ओढली, सरळ आली. आता उलटी फिरून ढकल म्हणाल्या. ढकलली, तर गाडी दोन पावलांत वाकडी झाली. आक्कांनी मला तिच्यावर बसवलं आणि स्वतः ढकलायला लागल्या. मी, मुलींच्या शाळेची इंग्रजीची बाई, तंबाखूच्या पोत्यासारखी गाडीवर, आणि आवारातल्या बायका पदर तोंडाला लावून हसतायत. तीनदा पडता पडता राहिले. चौथ्या खेपेला गाडी भिंतीपर्यंत सरळ गेली.

"कळलं," आक्का म्हणाल्या. "वाकडी झाल्यावर आवरायचं न्हाई. व्हायच्या आधीच आवरायचं."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, जेवण उरकून, आक्का छपराखालच्या विमानात बसायच्या. शेपटाला दोन बाजूंनी दोन दोर बांधले होते. एका बाजूला गंगव्वा आणि तिच्या मैत्रिणी, दुसऱ्या बाजूला मी आणि उरलेल्या. शेपूट ठोकळ्यावर उचलून, तेल लावून मोकळं केलेलं. कुणी कधी ओढायचं ते आधी सांगायचं नाही. आम्ही ओढलं की आक्कांनी त्याच बाजूचा पाय दाबायचा. शेपूट ज्या अंगाला पळेल त्या अंगाचा पाय. दाबला आणि तितक्याच चटकन सोडला पाहिजे, नाहीतर ते दुसरीकडं पळतं.

"आक्का, निजलासा काय?" गंगव्वा ओरडायची.

"वड की गं! हात मोडल्यात काय तुजं?"

वखारीत दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्या त्या बायका मालकिणीला असं हैराण करायला मिळतंय म्हणून कामावरून घरी जायच्याच नाहीत. चिकोडीकडची एक बाई तर ओव्या म्हणत दोर ओढायची. हळूहळू असं झालं की आम्ही दोर ताणायच्या आधीच पट्टी खाली गेलेली दिसायची. आमच्या खांद्यांची हालचाल त्यांना शेपटातून कळायला लागली होती. कॅप्टन दुरुस्तीचे सुटे भाग घेऊन मुंबईहून परत आले, त्यांनी हा खेळ पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मी इतकी वर्षं शिकवतोय," ते मला इंग्रजीत म्हणाले, "मला हे सुचलं नाही. यांना सांगा." मी सांगितलं. आक्का म्हणाल्या, "त्येंनीच सांगिटलं की टोकाकडं बघा म्हून. अर्धं त्येंचं हाय."

ठरलेल्या दिवशी वडीलधारी मंडळी दुपारचं जेवून, वामकुक्षी आटोपून आली. त्यामुळं उशीर झाला आणि वारा उठला. आमची पट्टी उत्तर-दक्षिण, अरुंद. पूर्वेला दगडी बांध, पश्चिमेला नाला. वारा पश्चिमेचा, म्हणजे अगदी आडवा. कॅप्टन म्हणाले, आज नको. आक्कांनी लोकांकडं पाहिलं. बांधाच्या वरच्या अंगाला, चिंचेखाली निम्मं निपाणी जमलं होतं. दीर एका बाजूला उभे, चेहरा उतरलेला. त्यांच्या हातात वडीलधाऱ्यांनी सांभाळायला दिलेला किल्ल्यांचा जुडगा.

"वारं काय रोज इचारून येतंय?" आक्का म्हणाल्या. डोक्यावरच्या पदरावर त्यांनी कातडी टोपी चढवली आणि मला पुढच्या बैठकीत बसवून पट्टे आवळले. मागच्या बैठकीत त्या बसल्या. आमच्यात बोलायला एक रबरी नळी होती. तिच्यातून त्यांचा श्वाससुद्धा ऐकू यायचा.

चढलो कसं ते मला सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा निपाणीची कौलं खाली होती, तंबाखूची रानं हिरव्या घोंगड्यांसारखी पसरली होती, कोगनोळीच्या बाजूला नदीचं वळण चमकत होतं. भीती वाटायची ती कुठं गेली कुणास ठाऊक. "बाई, तुमची शाळा," नळीतून आवाज आला. शाळा आगपेटीएवढी दिसत होती. मी मोठ्यानं हसले.

मग आम्ही उतरायला वळलो. वाऱ्याचं बळ तेव्हा कळलं. पट्टीच्या रेषेत आलो की विमान सरकत सरकत दगडी बांधाकडं जायचं. खाली कॅप्टन दोन्ही हातांनी लाल फडकं हलवत होते: उतरू नका, दुसरीकडं जा. कोल्हापूरच्या बाजूला मोठं, मोकळं मैदान होतं. तिथं हवं त्या दिशेनं उतरता आलं असतं. पट्टी जवळ आली, बांधाचे दगड मला एकेक दिसायला लागले, आणि इंजिन एकदम गरजलं. आम्ही परत वर.

"आक्का," मी नळीत म्हणाले, "कोल्हापूरला जाऊ या का?"

"भ्यायला हुतंय?"

मी खरं सांगितलं. "थोडं."

"मलाबी. पन मगाशी कुठं चुकलं ते कळलंय. यकदा बघतो. न्हाई जमलं तर जाऊया. किल्ल्या गेल्या तर गेल्या, तुमास्नी न्हाई मोडायचं मी."

दुसऱ्या खेपेला त्यांनी उजवा पंख वाऱ्याच्या अंगाला कलता ठेवला. आम्ही तिरपे होऊन खाली येत होतो, पण आता बांधाकडं सरकत नव्हतो. नळीतून त्यांचं पुटपुटणं सुरू झालं. "नेट्टग, नेट्टग." म्हणजे कानडीत सरळ, सरळ. नांगराच्या बैलाला सांगावं तसं. उजवं चाक एकटंच टेकलं. मग डावं. मग शेपटाचा खरखर आवाज. टेकलो होतो. आणि मला ठाऊक होतं की संपलेलं नाही, इथंच सुरू होतंय.

वाऱ्यानं नाक उजवीकडं खेचलं. शेपूट डावीकडं निघाल्याचं मला पाठीच्या मणक्यात कळलं. पण ते निघतंय न निघतंय तोच परत जागेवर आलं. मग दुसरीकडं, परत जागेवर. त्यांच्या पट्ट्यांना जोडलेल्या माझ्या पायांखालच्या पट्ट्या एकसारख्या नाचत होत्या, वर-खाली, वर-खाली, जणू आक्का जात्यावर बसून पायांनीच दळत होत्या. "नेट्टग... डावा... होग, होग... उजवा... नेट्टग." होग म्हणजे चल, जा. बांध एका बाजूनं पळाला, नाला दुसऱ्या बाजूनं. वेग कमी झाला. चालण्याएवढा झाला. विमान थांबलं. नाक पट्टीच्या पार टोकाकडं, सुतानं मारलेल्या रेषेसारखं सरळ.

 मग गंगव्वाची आरोळी आली आणि वखारीच्या सगळ्या बायका बांधावरून उड्या मारून धावत सुटल्या. वाऱ्यानं विमान उलटू नये म्हणून पंख धरायला त्यांना शिकवलं होतं. त्यांनी पंख धरले, शेपूट धरलं, आणि आक्कांनाही धरलं. कुणी रडत होतं, कुणी नाचत होतं. कॅप्टननी पाय जुळवून लष्करी सलाम ठोकला. आक्कांनी त्यांना हात जोडले.

सर्वांत वयस्कर गृहस्थ काठी टेकत आले. त्यांनी दिरांकडून जुडगा मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं आक्कांपुढं धरला. "बाई, धर. सरळ म्हंजे किती सरळ असतंय त्ये आज बघिटलं."

पुढं दुसरं महायुद्ध आलं, खासगी विमानं सरकारनं घेतली, त्यात हेही गेलं. आक्कांनी त्याबद्दल कुरकुर केलेली मी ऐकली नाही. वखार त्यांनी वाढवली. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ झाल्यावर त्या माझ्याकडं टिळकवाडीला येऊन राहायच्या आणि आम्ही दोघी टांगा करून तिकडं जायचो. दूर कुंपणाबाहेर उभ्या राहून त्या उतरणारी विमानं बघायच्या. "ह्येचं पाय जागं हायेत," म्हणायच्या. किंवा, "हे प्वार बूट लई आवळून बांधतंय."

पण त्यांची आठवण आली की मला त्या दिवसापेक्षा त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ जास्त आठवते. वारा पडला होता. आक्का विमानाला हात फिरवून बघत होत्या. दीर आले. बराच वेळ उगाच इकडचं तिकडचं बोलले. मग खाली बघत म्हणाले, "वैनी, वरनं आपली वखार कशी दिसत्या वो?"

"सांगून कळायचं न्हाई. बसा."

"मी?"

"मग दुसरं कोन? तुमच्या दादानं आनलंय ते. तुमचाबी हक्क हाय."

दिरांनी पटका काढून माझ्या हातात दिला. गंगव्वानं त्यांना पुढच्या बैठकीत चढवून पट्टे आवळले, आणि जरा जास्तच आवळले. विमान उडालं, गावावरून एक मोठी फेरी घातली, वखारीवरून दोनदा गेलं. मग हळूहळू खाली आलं, टेकलं, सरळ धावलं आणि आमच्यासमोर येऊन उभं राहिलं. इंजिन बंद झालं. पंख्याची शेवटची गिरकी थांबली. आम्ही सगळ्याजणी भोवती जमलो. दीर मात्र डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी बैठकीची कड धरून बसलेले.

"वैनी," ते म्हणाले, "उतरायच्या वक्ताला सांगा हं. मी धरून बसतो."

आक्का मागच्या बैठकीतून पुढं वाकल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"भावजी, डोळं उघडा. उतरलोय कवाच."